विश्लेषण : कोड तोच, कॉम्प्युटर बदलला आणि उत्तरही बदललं! असं का होतं?

एकच प्रोग्राम, त्याच फाइल्स. फक्त कॉम्प्युटर वेगळा. तरीही उत्तर वेगळं आलं आणि स्क्रीनवर चुकीचा एकही संदेश दिसला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील हवाई विद्यापीठाच्या संशोधकांना हाच अनुभव आला. कारण होतं पायथन या लोकप्रिय प्रोग्रामिंग भाषेतल्या एका छोट्याशा फंक्शनबद्दलचा गैरसमज. आज घरोघरी विद्यार्थी पायथन शिकत असताना हे प्रकरण समजून घेणं महत्त्वाचं आहे.

नेमकं काय घडलं?

हवाई विद्यापीठातले प्रा. फिलिप विल्यम्स यांची टीम सायनोबॅक्टेरियापासून मिळालेल्या संयुगांचा अभ्यास करत होती. रेणूची रचना ओळखण्यासाठी त्याचे एनएमआर तपासणीतले आकडे कॉम्प्युटरवर काढलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात. त्यासाठी त्यांनी ‘विलोबी-हॉय’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पायथन स्क्रिप्ट्स वापरल्या. त्या २०१४ मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’ या नियतकालिकातल्या लेखासोबत प्रसिद्ध झाल्या होत्या.

संशोधक विद्यार्थी युहेंग लुओ आकडेमोड पुन्हा तपासत असताना उत्तर जुळेना. मग चार ऑपरेटिंग सिस्टिम्सवर तीच स्क्रिप्ट चालवली गेली. विंडोज १० आणि मॅकच्या जुन्या मॅव्हरिक्स आवृत्तीवर अपेक्षित उत्तर आलं. मॅकच्या नव्या मोहावी आवृत्तीवर आणि उबंटू १६ वर मात्र ते चुकलं. फरक एका एककापेक्षाही कमी होता. पण रेणूची रचना हीच की ती, हे ठरवताना एवढा फरकही दिशाभूल करू शकतो.

चूक कुठे होती?

पायथनसोबत जी तयार साधनं मिळतात, त्यांना स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. त्यात ‘ग्लॉब’ नावाचं फंक्शन आहे. फोल्डरमधल्या ठराविक प्रकारच्या फाइल्सची यादी ते देतं. ही यादी नावाच्या क्रमानेच मिळेल, असं स्क्रिप्टमध्ये गृहीत धरलं होतं.

शाळेतलं उदाहरण घ्या. एका यादीत विद्यार्थ्यांची नावं आणि दुसरीत गुण आहेत. दोन्ही याद्या हजेरी क्रमांकाने लावलेल्या असतील, तर शेजारी ठेवून निकाल लावता येतो. एका यादीचा क्रम बिघडला, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. बेरीज बरोबर, निकाल चूक! इथे एका प्रकारच्या फाइल्समध्ये रेणूच्या वेगवेगळ्या आकारांची ऊर्जा होती आणि दुसऱ्या प्रकारच्या फाइल्समध्ये एनएमआरचे आकडे. जोड्या चुकल्या आणि सरासरीही चुकली.

मग काही कॉम्प्युटर्सवर उत्तर बरोबर का आलं?

‘ग्लॉब’ स्वतः क्रम लावत नाही. फाइल सिस्टिम ज्या क्रमाने नावं देते, त्याच क्रमाने ते पुढे करतं.

- विंडोजची एनटीएफएस आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस ही व्यवस्था नावं क्रमाने ठेवते.
- मॅकने २०१७ पासून आणलेली एपीएफएस आणि लिनक्सवरची ईएक्सटी-४ तशी हमी देत नाही.
- विंडोजवरच पेन ड्राइव्हमधल्या फाइल्स वाचल्या, तरी क्रम वेगळा येऊ शकतो.

याला पायथनमधला बग म्हणावं का? तसं म्हणता येणार नाही. यादीचा क्रम कसाही असू शकतो, हे पायथनच्या अधिकृत माहितीत आधीपासून लिहिलेलं होतं. पण ज्या मशीनवर स्क्रिप्ट लिहिली, तिथे क्रम नेहमी बरोबर यायचा. त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. दरम्यान, १०० हून अधिक शोधनिबंधांनी त्या २०१४ च्या लेखाचा आधार घेतला होता. ते सगळे चुकले असं नाही, पण कोणतं उत्तर कोणत्या कॉम्प्युटरवर काढलं, हे तपासण्याची वेळ आली. पुढे दुरुस्त स्क्रिप्ट्सही उपलब्ध झाल्या.

मराठीशी याचा काय संबंध?

असाच एक फटका मराठी मजकुराला बसतो. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, सांगितली नाही, तर लिनक्स आणि मॅकवर साधारणपणे यूटीएफ-८ वापरलं जातं. इंग्रजी विंडोजवर मात्र सहसा विंडोज-१२५२ ही जुनी पद्धत वापरली जाते. तिच्यात देवनागरी नाही.

गंमत पाहा. यूटीएफ-८ मध्ये साठवलेला ‘नागपूर’ हा शब्द या जुन्या पद्धतीने वाचला, तर प्रोग्राम थांबत नाही, फक्त अगम्य चिन्हं मिळतात. ‘पुणे’ वाचताना मात्र तो एरर देऊन बंद पडतो. कारण पहिल्या उकारातल्या एका बाइटला जुन्या तक्त्यात जागाच नाही. पाय मोडण्याच्या चिन्हाचंही तसंच, त्यामुळे जोडाक्षर आलं की प्रोग्राम अडतो. यात ‘पुणे’वाला नशीबवान, कारण त्याला चूक लगेच कळते. ‘नागपूर’वाल्याची फाइल तशीच पुढे जाते.

पायथनच्या ३.१५ आवृत्तीपासून सगळीकडे यूटीएफ-८ हीच मूळ पद्धत ठेवण्याचा निर्णय झाला आहे. जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना मात्र काळजी घ्यावीच लागेल.

काय काळजी घ्याल?

- फाइल्सची यादी घेताना ती ‘सॉर्टेड’ या फंक्शनमधून काढा. मात्र साध्या क्रमवारीत ‘फाइल १०’ ही ‘फाइल २’ च्या आधी येते, म्हणून क्रमांक ०१, ०२ असे द्या.
- दोन याद्या जुळवताना क्रमावर विसंबू नका, नावाने जोड्या लावा.
- फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे, हे स्पष्ट लिहा.
- प्रोजेक्ट विंडोज लॅपटॉपवर केला असेल, तर जमा करण्याआधी एकदा लिनक्सवर चालवून पाहा.

हवाईच्या प्रकरणात ‘सॉर्टेड’ हा एक शब्द मूळ स्क्रिप्टमध्ये असता, तर चारही कॉम्प्युटर्सवर उत्तर एकच आलं असतं. तो नाही, हे कळायला पाच वर्षं लागली. तेही एका विद्यार्थ्याने आलेलं उत्तर पुन्हा तपासलं म्हणून.