न काढलेल्या तिकिटाचं बक्षीस

महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या कागदी तिकिटांची सोडत निघते, पहिल्या बक्षिसाचा क्रमांक जाहीर होतो, आणि त्या क्षणी ते बक्षीस कोणाला लागलं हे सोडत काढणाऱ्या सरकारलाही ठाऊक नसतं. तिकीट कुठल्या तरी स्टॉलवर रोखीने विकलं गेलेलं असतं. विकताना कोणी गिऱ्हाइकाचं नाव विचारत नाही, फोन नंबर लिहून घेत नाही. ते आता कोणाच्या पाकिटात आहे की देवघरात ठेवलंय, हे कळायला मार्गच नाही. म्हणून निकाल छापावा लागतो, आणि ज्याच्याकडे तिकीट आहे त्याने आपला क्रमांक शोधून, मूळ तिकीट घेऊन हजर व्हावं लागतं. १९६९ साली ही लॉटरी सुरू झाली, आणि इतकी वर्षं कागदी तिकिटाचा विजेता असाच स्वतःच्या पायांनी चालत आला आहे.

हे लक्षात आलं की ‘तुमच्या मोबाइल नंबरला पंचवीस लाखांची लॉटरी लागली आहे’ हे वाक्य फार विचित्र वाटू लागतं. तिकीट नाही, खरेदी नाही, तरी विजेत्याचं नाव-गाव सापडलं!

हा संदेश व्हॉट्सॲपवर लाखो लोकांनी पाहिला आहे. अमिताभ बच्चन यांचा फोटो, ‘कौन बनेगा करोडपती’चं बोधचिन्ह, बँकेचे शिक्के आणि सोबत एक ऑडिओ. नंबर बहुधा +९२ ने सुरू होणारा, म्हणजे पाकिस्तानच्या कोडचा. भाषा मोडकी. साधा फोन करू नका, व्हॉट्सॲप कॉलच करा, अशी ताकीद. पाहणाऱ्याला वाटतं, इतकं ढोबळ सोंग कोणाला फसवणार?

या प्रश्नाचं उत्तर २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ले यांनी गणित मांडून दिलं, आणि ते वाचल्यापासून मी असा संदेश थक्क होऊनच पाहतो. त्यांचा प्रश्न होता, नायजेरियातून संपत्ती मिळाल्याची ई-मेल पाठवणारे ठग ‘मी नायजेरियाचा’ असं उघड का सांगतात? त्या देशाचं नाव ऐकताच निम्मं जग सावध होतं. दुसरा कुठलाही देश सांगता आला असता.

ठगाच्या बाजूने हिशेब करून पाहा. लाख संदेश पाठवायला जवळजवळ काहीच लागत नाही. खर्च सुरू होतो उत्तर आल्यावर. मग एका माणसाला दुसऱ्या माणसाशी तासन्‌तास, कधी आठवडेच्या आठवडे बोलावं लागतं. संदेश अगदी सफाईदार असता तर पुष्कळ चौकस माणसांनी उत्तर दिलं असतं, चार दिवस प्रश्न विचारले असते आणि पैशांची गोष्ट निघताच पाठ फिरवली असती. ठगाची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून संदेशाचा ढोबळपणा ही चाळण आहे. शंका घेणारे पहिल्याच झटक्यात बाजूला पडतात, आणि उरतात ते पुढे पैसे भरण्याची शक्यता असलेले. जी चूक पाहून आपण निर्धास्त होतो, ती आपल्यासाठी नव्हतीच. ती घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत होती.

ही विद्या जुनी आहे. फ्रान्समध्ये गुन्हेगाराचा पोलीस झालेल्या विदोक याने १८२८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आठवणींत पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगातल्या कैद्यांचा असाच धंदा सांगितला आहे. मी एका पळालेल्या सरदाराचा नोकर, त्याच्या दागिन्यांची पेटी अमुक ठिकाणी दडवली आहे, सोडवणुकीला थोडे पैसे पाठवा, अशी पत्रं ते श्रीमंतांना लिहीत. विदोकच्या म्हणण्याप्रमाणे शंभरातल्या वीस पत्रांना उत्तर येई. पेटीच्या जागी आता पंचवीस लाख आले. बाकी सांगाडा तोच: मोठी रक्कम तुमची झालेली आहे, मध्ये फक्त एक लहानसा खर्च आहे.

त्या लहान खर्चाची नावं मात्र बदलत राहतात. प्रोसेसिंग फी, जीएसटी, फाइल चार्ज, इन्कम टॅक्स. दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागाने या टोळ्यांची रीत सांगताना नोंदवलं होतं की माणूस गुंतून राहावा म्हणून बक्षीसच वाढवलं जातं. पंचविसाचे पंचेचाळीस लाख होतात, मग पंचाहत्तर. आधी भरलेले हजारो रुपये सोडवत नाहीत, त्यामुळे पुढचे भरले जातात.

खऱ्या बक्षिसात पैसा उलट दिशेने चालतो. लॉटरीच्या रोख बक्षिसावरचा तीस टक्के कर देणाराच कापून घेतो आणि उरलेली रक्कम देतो. आधी भरायला काहीच नसतं. गाडीसारखी वस्तू मिळाली असेल तर कर भरला गेल्याची खात्री बक्षीस देणाऱ्याला आधी करावी लागते, आणि नेमक्या याच फटीतून ‘तुम्हाला कार लागली, टॅक्स भरा’ हा फोन येतो. पण तो कर सरकारजमा होतो, कुणा माणसाच्या यूपीआय आयडीवर जात नाही. आणि परदेशी लॉटरीसाठी भारतातून पैसे पाठवायला परकीय चलनाच्या फेमा कायद्याच्या नियमांनीच मनाई आहे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा फोन हातात घेऊन दाखवावं. नुसतं सांगून ते ठसत नाही.

फसलेल्यांना आपण भोळे, लोभी म्हणून मोकळे होतो. मला ते अन्यायाचं वाटतं, आणि ते खरंही नाही. ब्रिटनमध्ये एक्झेटर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली या विषयावर केलेल्या अभ्यासात दिसलं की फसलेल्यांनी त्या प्रस्तावाचा विचार न फसलेल्यांपेक्षा कमी नव्हे, उलट जास्त केला असावा. सुटलेले लोक फारसा विचार न करताच पत्र फेकून देत होते. शिवाय फसणारे अनेकदा ही गोष्ट घरच्यांपासून लपवून ठेवत. ‘कोणाला सांगू नका, नंबर दुसरा कोणी क्लेम करेल’ ही ठगाची सूचना मला म्हणूनच सगळ्यांत घातक वाटते. दुसऱ्या माणसाला मोठ्याने सांगताना ती गोष्ट टिकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आणि घरात आधीच ‘अक्कल नाही का’ असं ऐकावं लागत असेल, तर त्याचं काम आपणच सोपं करतो.

पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा, त्याच तासात. गेलेली रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून भराभर पुढे सरकते, आणि ती कुठल्या तरी बँकेत असेपर्यंतच रोखून धरता येते. काही दिवसांनी आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. समोरचा स्वतःला वकील किंवा सायबर अधिकारी म्हणवतो. त्याला तुमचं नाव, बुडालेली रक्कम, तारीख सगळं माहीत असतं, कारण फसलेल्यांच्या याद्या टोळ्यांमध्ये विकल्या जातात. तुमचे पैसे सापडले आहेत, तो सांगतो, फक्त ते सोडवायची फी भरा. १९३० वर तक्रार नोंदवायला कसलीही फी नाही.