जळक्या टायरचा वास आला की छाती का धडधडते? पोलिसांच्या मनावरचा आघात आणि इंद्रियांची मदत

शिरूर तालुक्यातलं तळेगाव ढमढेरे हे गाव शिक्रापूर पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं. जवळूनच पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो. अपघात झाला की रात्री-अपरात्री तिथं पोलिसांना धावावं लागतं. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, तेव्हाही रस्त्यावर पोलीस उभे होते. पंचनामा होतो, फाईल बंद होते. डोळ्यांसमोरचं दृश्य मात्र काहींची पाठ सोडत नाही.

पीटीएसडी म्हणजे काय?

भयंकर प्रसंगानंतर झोप उडणं, दचकणं, चिडचिड होणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचा हा त्रास हळूहळू कमी होतो. पण तोच प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, त्या जागा टाळणं, सतत सावध राहणं हे महिन्याहून अधिक काळ चाललं आणि रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर तो पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणाव विकार असू शकतो.

वासानं आठवण का जागी होते?

वासाचे संकेत मेंदूतल्या भीती आणि आठवणींशी जोडलेल्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोहोचतात. म्हणून जळक्या टायरचा वास किंवा ब्रेकचा कर्कश आवाज आला की विचार करायच्या आतच अंगाला घाम फुटतो.

मग इंद्रियंच मदत कशी करतात?

लक्ष 'तेव्हा'वरून 'आत्ता'वर आणायचं, एवढंच यामागचं सूत्र आहे.

• दिसणाऱ्या पाच, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन आणि चवीची एक गोष्ट मनात मोजा.
• तोंडावर गार पाणी मारा, पाय जमिनीवर घट्ट टेकवा.
• श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या.

काहींना श्वासाकडे लक्ष दिल्यावर उलट घुसमटतं. त्यांनी पाणी किंवा स्पर्शाचा उपाय निवडावा.

एवढ्यानं आजार बरा होतो का?

नाही, हा प्रथमोपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार आणि ईएमडीआर यांची शिफारस केली. ईएमडीआरमध्ये प्रशिक्षित तज्ज्ञ आठवणीवर काम करताना रुग्णाची नजर डावी-उजवीकडे फिरवायला सांगतात.

मदत कुठे मिळेल?

'पोलीस असून घाबरतो?' या प्रश्नाच्या भीतीनं अनेक जण गप्प राहतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क रुग्णाला आहे. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.

घरच्यांनी 'काय पाहिलंस ते सांग' असा आग्रह धरू नये. जीव देण्याची भाषा ऐकू आली तर मात्र त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, शस्त्र जवळ राहणार नाही हे पाहा आणि लगेच ११२ वर फोन करा.