बंदुकीच्या नळ्या आणि बिनतिकिटाची मैफल

जबलपूरच्या ईशान्येला असलेली रांझी कारखान्यांच्या भोंग्यावर वाढली. १९०४ साली तोफगाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, १९६९ मध्ये लष्करी वाहनांची व्हेईकल फॅक्टरी निघाली आणि तिच्या मागोमाग बिडाच्या ओतकामाची फाउंड्री. शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या याच परिसरातून देशभर गेल्या. कामगारही देशभरातूनच आले. एकाच पाळीत बंगाली फिटर, तेलुगू टर्नर, मल्याळी कारकून, पंजाबी ड्रायव्हर, भोजपुरी, ओडिया, छत्तीसगढी, बुंदेली आणि मराठी माणसं कामाला असत आणि पाळी सुटली की सगळी इस्टेटीतल्या शेजारशेजारच्या क्वार्टरांत परतत. पण सणाची संध्याकाळ आली की ज्याचा त्याचा मांडव वेगळा. दसऱ्याची मिरवणूकसुद्धा रांझीची स्वतःची निघते, गढ्याची तिची वेगळी, मुख्य शहराची आणखी वेगळी. शेजाऱ्याच्या घरचं लोणचं माहीत असतं, त्याच्या घरातलं गाणं माहीत नसतं. माझं म्हणणं असं की या वस्तीला वर्षातून एक सामाईक संध्याकाळ हवी: उघड्या मैदानावर, सगळ्या भाषांच्या गाण्या-वाजवण्याची आणि चित्रांची, आणि पूर्णपणे विनामूल्य. त्यातली विनामूल्य ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती गरिबांसाठी केलेली सवलत म्हणून मी मांडत नाही. ती नसेल तर बाकीचं काहीच घडणार नाही, असं आपल्याच भागातला इतिहास सांगतो.

मराठी वाचकाला जबलपूरशी असलेल्या नात्याची थोडक्यात आठवण करून द्यायला हवी. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८१७ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांतात तो राहिला, आणि या काळात वकील, शिक्षक, कारकून म्हणून मराठी कुटुंबं इथे रुजली. दमोह जिल्ह्यात जन्मलेले माधवराव सप्रे मराठी घरातले, पण हिंदी पत्रकारितेचा पाया घालणारे. एवढ्यावरून मिश्रणाची सवय इथे किती जुनी आहे ते कळतं.

आता पहिला, विनामूल्य या अटीवरचा आक्षेप घेतो, कारण तो आपल्याच घरातला आहे आणि वजनदार आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि संगीत दरबाराच्या बंद दारातून बाहेर आणलं. तोवर आमंत्रण लागे, त्यांच्यानंतर पैसे लागू लागले, आणि पैसे कोणाचेही चालतात. म्हणजे तिकीट हेच लोकशाहीचं साधन ठरलं. संगीत नाटकं त्यावर चालली, सवाई गंधर्व महोत्सव तिकिटावर चालतो आणि श्रोता तिथे जीव ओतून ऐकतो. हे सगळं मला मान्य आहे. पण तिकीट कोण काढतं? ज्याला काय ऐकायचं आहे ते आधीच ठाऊक असतं तो. पुण्याचा रसिक यमन ऐकायला पैसे मोजतो, कारण यमन त्याच्या कानात आधीच वसलेला असतो. रांझीतला तेलुगू कामगार बाउल गाण्यासाठी तिकीट काढणार नाही, आणि बंगाली कुटुंब बुंदेली फागासाठी काढणार नाही. त्यात कंजूषपणा नाही. न ऐकलेल्या गोष्टीची किंमत माणूस ठरवणार तरी कशी? तिकीट श्रोत्यांना आवडीनुसार वेगळं करतं, आणि आवड बहुतेक वेळा भाषेनुसार ठरते. पलुसकरांपुढचा प्रश्न आमंत्रणाचा होता, रांझीपुढचा प्रश्न अनोळखीपणाचा आहे. त्यात अंतराची भर पडते. जबलपूरचं तरंग सभागृह रामपूरला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळची पाळी असलेला माणूस दिवसाच्या शेवटी लेकराबाळांसह एवढा प्रवास करून अनोळखी गाणं ऐकायला जाईल ही अपेक्षाच चुकीची आहे. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दाराशी कोणी अडवत नसेल, तर तो पाच मिनिटं थांबेल, आणि कधीकधी ती पाच मिनिटं पुरतात.

अनोळखी परंपरा एकत्र येऊ शकतात, याचा सर्वांत सुंदर पुरावा रांझीपासून रेल्वेने कटनीमार्गे दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर आहे, आणि त्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. मैहर संस्थानचे राजे ब्रिजनाथ सिंह यांच्या दरबारी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ होते. जन्म आजच्या बांगलादेशातल्या ब्राह्मणबाडिया भागातला, बंगाली मुसलमान कुटुंबातला. कोलकात्यात त्यांनी नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात काम केलं, लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तरकडून पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकले, सनई शिकले, आणि पुढे रामपूर संस्थानच्या वझीर खाँकडे तानसेनाच्या परंपरेची तालीम घेतली. एकाच माणसाच्या हातात गोव्याचं चर्च, कोलकात्याची रंगभूमी आणि रामपूरचा दरबार असे एकत्र आले होते. मैहरला ते शारदादेवीच्या डोंगराखाली राहिले, देवीचे भक्त झाले, नमाजही सुटला नाही, आणि मुलीचं नाव अन्नपूर्णा ठेवलं गेलं. १९१८च्या सुमारास साथीच्या तापाने गावोगाव मुलं पोरकी केली. अशा मुलांना गोळा करून खाँसाहेबांनी मैहर बँड उभा केला. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना कानाने शिकवलं. सतार, सरोद, इसराज, व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, क्लॅरिनेट, तबला, ढोलक एका रांगेत बसवले, सतार आणि बँजो यांचा सांधा जुळवून नवं वाद्य केलं. आणि संस्थानच्या शस्त्रागारातल्या बंदुकांच्या नळ्या कापून नळतरंग बनवला.

या नळतरंगाचं तंत्र रांझीतल्या कुठल्याही टर्नरला पटकन समजेल, म्हणून ते सांगतो. बासरीत किंवा तारेत लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक वर जातो. ठोकून वाजवायच्या नळीचं तसं नसतं. तिथे नळी आडवी लवते, आणि तिचा स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो. लांबी निम्मी केली तर स्वर थेट दोन सप्तकं वर जातो, एकच सप्तक हवं असेल तर लांबी एकाहत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते. नळी टेकवायची जागाही ठरलेली असते: दोन्ही टोकांपासून सुमारे बावीस टक्के आत. तिथे ती जवळजवळ स्थिर असते, म्हणून तिथे आधार दिला तर नाद मोकळा राहतो, दुसरीकडे दिला तर तो दबतो. पण बंदुकीची नळी तोंडाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे हे हिशेब सरळ नळीसारखे तंतोतंत लागत नाहीत. कापायचं, ठोकून ऐकायचं, पुन्हा थोडं घासायचं, आणि एकदा जास्त कापलं गेलं तर ती नळी वरच्या स्वरासाठी ठेवायची. हे काम मोजपट्टी आणि कान दोन्ही वापरणाऱ्या कारागिराचं आहे. शंभर वर्षं तोफगाडे घडवणाऱ्या वस्तीजवळ असं वाद्य असावं आणि त्या वस्तीतल्या मुलांनी ते कधी ऐकलेलं नसावं, याची मला फार हळहळ वाटते. मैहर बँड आजही आहे, उस्तादांच्या स्मृतीतल्या समारोहात वाजतो, आणि रांझीपर्यंत यायला त्याला एका दिवसाचा प्रवास पुरेसा आहे.

या कथेत माझ्या युक्तिवादाच्या कामाची गोष्ट पैशांची आहे. पोरक्या मुलांनी तिकीट विकून वाद्यवृंद चालवला नाही. संस्थानाने खर्च उचलला, म्हणून अक्षर न येणारी मुलं चेलो शिकली. ऐकणाऱ्याला फुकट याचा अर्थ कोणीच पैसे देत नाही असा होत नाही. देणारा वेगळा असतो, एवढंच. ग्वाल्हेरचा तानसेन समारोह हेच दाखवतो. १९२४ मध्ये शिंद्यांच्या काळात तानसेनाच्या समाधीशी तो सुरू झाला, पुढे सरकारने चालवला, आणि प्रवेश आजही विनामूल्य आहे. आरंभाला ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथा करतात, त्यानंतर मिलाद होतो, समाधीवर चादर चढते. नाथपंथी कीर्तनकार आणि मौलवी एकाच मांडवात, आणि कोणी कोणाला तिकीट विचारत नाही. मिश्र श्रोतृवर्गात धर्माची अडचण येईल असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा जवळचं उत्तर मला ठाऊक नाही. जगात दूर जायचं तर फ्रान्सने २१ जून १९८२ पासून रस्त्यावरच्या विनामूल्य संगीताचा दिवस सुरू केला, तो अनेक देशांत पसरला. मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून चालतो. पण रांझीला नकाशाची गरज असेल तर ग्वाल्हेर आणि मैहर पुरेत.

देणारा नाहीसा झाला तर काय होतं, तेही याच भागाने पाहिलं आहे. मंडला-दिंडोरीचे परधान हे गोंडांचे भाट. ठरावीक वर्षांनी यजमानांच्या घरी जाऊन बाना नावाच्या गजाच्या वाद्यावर बडादेवाच्या आणि राजांच्या कथा गात, आणि त्याबद्दल धान्य, गुरं, कापड मिळे. गावातला कोणीही ते ऐकू शकत असे. यजमानांची ऐपत आणि श्रद्धा आटली, तसा बाना मागे पडत गेला. पाटनगढच्या परधान जनगढसिंह श्याम यांना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनात चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी आणलं, तेव्हा त्या गाण्यातली झाडं, हरणं आणि देव कागदावर उतरले. पुढे भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम यांच्यापर्यंत ही चित्रकला जगभर गेली. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी ‘भीमायन’मध्ये बाबासाहेबांचं चरित्र चितारलं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. चित्र टिकलं, कारण त्याला विकत घेणारा मिळाला. गाणं विकत घेऊन भिंतीवर लावता येत नाही. म्हणून रांझीच्या संध्याकाळी चित्रं आणि बाना शेजारी असावेत, असा माझा आग्रह आहे. चित्रकार काम करत असताना बाजूला परधान गायक बसला, तर पाहणाऱ्याला रेषांत आणि ठिपक्यांत काय दडलं आहे ते कळेल.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: अशा संध्याकाळी खिचडी होते, प्रत्येक समाजाला दहा मिनिटं, पोशाख, टाळ्या, पुढचा क्रमांक. हा धोका मी नाकारत नाही. शासकीय सांस्कृतिक कार्यक्रमांत हे वारंवार घडतं, आणि त्यातून कोणाच्याच कानात काही राहत नाही. मैहरने त्याचा उपाय दाखवला आहे. तिथे वाद्यांची ओळखपरेड नव्हती, सगळ्यांनी एकत्र वाजवायचं होतं. रांझीत कमी पथकं घ्यावीत, प्रत्येकाला निदान अर्धा तास द्यावा, आणि दोन निरनिराळ्या भाषांच्या पथकांनी महिनाभर आधी बसून एक तरी गोष्ट मिळून बसवावी. बंगाली खोल आणि बुंदेली नगडिया या वाद्यांचा ताल कसा जुळतो, हे तालमीतच कळेल. तिसरा आक्षेप आवाजाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवायचे असतात, आणि पहिल्या पाळीच्या लोकांसाठी ते योग्यच आहे. साडेसहाला सुरू करून साडेनऊला संपवावं, डीजेला जागाच ठेवू नये. बाना आणि इसराजला मोठे भोंगे लागत नाहीत.

राहिला पैशांचा प्रश्न आणि तारखेचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. रांझीच्या परिसरातले कारखाने त्यामुळे एका छत्राखाली राहिले नाहीत, आणि सामाईक काही उरलंच असेल तर ते वस्तीत. म्हणून मला १८ मार्च ही तारीख सर्वांत योग्य वाटते. १८०२ मध्ये याच तारखेला कोलकात्याजवळ काशीपूरच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं, आणि त्याची आठवण म्हणून हा आयुध निर्माणी दिवस पाळला जातो. तो ना बंगाली आहे ना मराठी, ना हिंदू ना मुसलमान. थंडी ओसरलेली असते, ऊन अजून असह्य झालेलं नसतं. खर्च तीन ठिकाणांहून यावा: कंपन्यांनी मैदान आणि वीज द्यावी, भोपाळच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ संगीत व कला अकादमीने मैहर बँड आणि परधान कलावंत पाठवावेत, आणि स्थानिक पथकांचं मानधन वस्तीच्या वर्गणीतून निघावं. हे मानधन द्यायलाच हवं. श्रोत्याला विनामूल्य म्हणून कलावंतालाही विनामूल्य, असं करणाऱ्या मंडळांनी हा कार्यक्रम हाती घेऊ नये. आणि क्रम ठरवताना मैहर बँड शेवटी ठेवण्याचा मोह टाळावा. पहाटे उठणारी माणसं नऊ वाजता निघू लागतात, म्हणून नळतरंग साडेसातला, मुलं जागी असताना व्हावा. शेवटचा अर्धा तास बुंदेली फागाला द्यावा. होळीचे दिवस जवळ असतात, ते गाणं या मातीतल्या सर्वांना येतं, आणि उशिरापर्यंत थांबणारेही तेच असतात.