गाइडातला ताप

हायस्कुलातील इंग्रजीच्या तासाविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. परंतु आरंभ एका रजेच्या अर्जाने करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमचा नववीतला एक विद्यार्थी तेरा-चौदा दिवस शाळेस आला नाही. आला तो मुंडन केलेल्या डोक्याने. सोबत इंग्रजी अर्ज होता. अक्षर वळणदार, भाषा निर्दोष. कारण मात्र असे, की आपणास ताप आला होता. आम्ही विचारले, "अरे, तुझे आजोबा गेले ना? मग हा ताप कसला?" खाली मान घालून तो म्हणाला, "सर, गाइडात तापाचाच अर्ज आहे."

त्या उत्तराने खजील व्हावयाचे ते आम्हीच झालो. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. इतकी वर्षे इंग्रजी शिकून ज्या मुलास आपल्या घरच्या दुःखाचे एक वाक्य लिहिता येत नाही, त्यास आम्ही इंग्रजी शिकविले असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

हे एका मुलाचे किंवा एका शाळेचे वैगुण्य नव्हे. २०२३ साली 'असर' पाहणीत २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांमधील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची परीक्षा घेतली गेली. इंग्रजी वाक्ये वाचू शकणारे शेकडा ५७.३ निघाले, आणि त्या वाचणाऱ्यांतही अर्थ सांगू शकणारे शेकडा ७३.५ च. म्हणजे वाचता येणाऱ्या दर चारांपैकी एकाचे वाचन केवळ उच्चारण होते. ह्याचे कारण शोधावयास दूर जावयास नको. तासाला शिक्षक धडा वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, फळ्यावर उत्तरे लिहितात आणि मुले ती उतरून घेतात. ह्यात वाचतो कोण आणि लिहितो कोण? दोन्ही कामे शिक्षकच करतो.

आमचे शिक्षण संस्कृताच्या वळणाचे, म्हणून उपायही तिकडचाच सुचला. श्लोक लावताना आपण खंडान्वय करतो; आधी क्रियापद धरावयाचे आणि मग त्यालाच कोण, काय, कोणास, कशाने असे विचारीत जावयाचे. इंग्रजी वाक्यासही हीच युक्ती लागू पडते. 'गेव्ह' सापडले की कोणी दिले, काय दिले, कोणास दिले, हे मुलांनी स्वतःच शोधावे. भेद एवढाच, की मराठीत नाते विभक्तीने कळते, इंग्रजीत ते बहुधा शब्दाच्या स्थानाने कळते. 'रामाने रावणाला मारले' ह्यातील शब्द कसेही फिरवा, मरतो तो रावणच; परंतु 'राम किल्ड रावण' ह्यात दोन नावांची अदलाबदल केली की सारे रामायणच उलटते. ही एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आली की निम्मी भीती जाते.

लेखनास दुहेरी भाषांतरासारखा उपाय नाही. पाठातील पाच-सहा वाक्यांचे मुलाने मराठी करावे व पुस्तक मिटावे. दुसऱ्या दिवशी त्याच मराठीचे पुन्हा इंग्रजी करून मुळाशी ताडून पाहावे. शिक्षकाने चूक दाखविण्यापूर्वी मूळ पाठच ती दाखवितो. ही रीत काही नवी नव्हे. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीस लॅटिन व ग्रीक शिकविणारे रॉजर ॲस्कम ह्यांनी, १५७० साली प्रसिद्ध झालेल्या 'द स्कूलमास्टर' ह्या ग्रंथात, लॅटिनसाठी तीच सांगितली आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या संस्कृतच्या पुस्तकांत दोन्ही बाजूंनी भाषांतराचे पाठ आहेत; आणि तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर तर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या.

भाषांतराने मुलांची मराठी बिघडेल ही भीती व्यर्थ आहे. आमच्या नाशकाचे तात्यासाहेब शिरवाडकर ह्यांनी शेक्सपिअर मराठीत आणून 'राजमुकुट' (१९५४) व 'ऑथेल्लो' (१९६१) ही नाटके लिहिली. त्यांच्या मराठीस त्यामुळे उणेपणा आला असे कोण म्हणेल?

घरच्या मंडळींसही ह्यात वाटा उचलता येईल, आणि त्यास इंग्रजी येण्याची गरज नाही. औषधाच्या वेष्टनावरील सूचना, बँकेचे पत्र, इंग्रजी वर्तमानपत्रातील एखादी बातमी, असे काहीही मुलाच्या हाती द्यावे आणि "आजीला मराठीत सांग बघू," एवढेच म्हणावे. आजीला सांगता आले नाही, तर ते मुलाला समजलेच नाही असे खुशाल समजावे. आजीने मात्र शंका विचारण्यात कसूर करू नये. रोज पंधरा मिनिटे पुरेत. सुट्टीच्या दिवशी १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाची पायरी मुलास दाखवावी. गाइडाबाहेरही पुस्तके असतात हे त्याच्या डोळ्यांस दिसू द्यावे.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. अर्जाची चौकट गाइडाची असेना, पण कारण स्वतःचे लिही, असे आम्ही त्यास सांगितले. पुढे दोन महिने खंडान्वय व दुहेरी भाषांतर चालले. मग एके दिवशी त्याने आपण होऊन आजोबांवर सहा वाक्ये लिहून आणली. आजोबा सायंकाळी रामकुंडावर नेतात, वाटेत पाढे म्हणवून घेतात, असा मजकूर होता. चुका पुष्कळ होत्या. आम्ही दोनच दाखविल्या, कारण सारी वही तांबडी झाली की मुले लिहिणे सोडतात. त्या दोहोंपैकी एक क्रियापदाची होती. त्याने सर्वत्र वर्तमानकाळ योजिला होता. तो भूतकाळ करताना आमचा हात क्षणभर अडखळला खरा. पण वाक्य त्या मुलाचे होते, गाइडाचे नव्हते, ह्याचे समाधान आम्हांस आजही आहे.