युरोपातील वराहखाद्यात कडधान्यांचा वापर

वराहपालनात आयात केलेल्या सोयाबीन पेंडीऐवजी वाटाणा, बाकला आणि ल्युपिन यांसारखी स्थानिक कडधान्ये प्रथिनांचा स्रोत म्हणून वापरली जातात. युरोपात ही पद्धत विशेष महत्त्वाची मानली जाते.

पार्श्वभूमी

युरोपीय पशुखाद्यातील सोयाबीन मुख्यतः ब्राझील, अर्जेंटिना आणि अमेरिकेतून येते. जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर काही काळ बंदी घातली, तेव्हा या परावलंबनाचा धोका उघड झाला. पुढे बीएसई या गुरांच्या रोगामुळे युरोपीय संघाने २००१ पासून पाळीव पशूंच्या खाद्यात मांस व हाडांची भुकटी वापरण्यास मनाई केली आणि सोयाबीनची गरज आणखी वाढली. ही मनाई २०२१ मध्ये अंशतः शिथिल झाली. दक्षिण अमेरिकेतील जंगलतोडीमुळेही स्थानिक पर्यायांचा विचार होऊ लागला.

पोषणमूल्य

सोयाबीन पेंडीत सुमारे ४४ ते ४८ टक्के प्रथिने असतात. वाटाण्यात हे प्रमाण साधारण २० ते २५, बाकल्यात २५ ते ३० आणि ल्युपिनमध्ये ३० ते ४० टक्के असते. वाटाणा व बाकला यांत स्टार्च भरपूर असल्याने त्यांपासून ऊर्जाही मिळते. त्यांच्या प्रथिनांत लायसिन पुरेसे असते. मेथिओनिन, सिस्टिन व ट्रिप्टोफॅन ही ॲमिनो आम्ले मात्र कमी पडतात. त्यामुळे केवळ एकूण प्रथिने मोजून सोयाबीनच्या जागी कडधान्य घातल्यास डुकरांची वाढ मंदावते. ही उणीव मोहरीवर्गीय रेपसीडच्या पेंडीने किंवा कारखान्यात तयार केलेल्या ॲमिनो आम्लांनी भरून काढतात.

पोषणविरोधी घटक

कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक नष्ट करण्यासाठी ते भाजावे किंवा शिजवावे लागते. वाटाण्यात हे घटक कमी असल्याने तो केवळ दळून देता येतो. बाकल्याच्या रंगीत फुलांच्या वाणांत टॅनिन अधिक असते व त्यामुळे प्रथिनांचे पचन घटते. म्हणून पांढऱ्या फुलांचे वाण पसंत केले जातात. ल्युपिनमधील कडू अल्कलॉइडांमुळे डुकरे खाद्य टाळतात. जर्मनीत राइनहोल्ड फॉन झेंगबुश यांनी १९२० च्या दशकात कमी अल्कलॉइडांची 'गोड' रोपे निवडली आणि त्यानंतर ल्युपिन खाद्यपीक म्हणून उपयोगात आले. पिलांची पचनसंस्था अपरिपक्व असल्याने त्यांच्या खाद्यात कडधान्यांचे प्रमाण मर्यादित ठेवतात. वाढत्या व विक्रीयोग्य वजनाकडे जाणाऱ्या डुकरांना ते अधिक देता येते.

शेती आणि मर्यादा

कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. त्यामुळे या पिकांना नत्रखत जवळजवळ लागत नाही आणि पुढील गव्हाच्या पिकालाही लाभ होतो. मात्र गव्हाच्या तुलनेत त्यांचे उत्पादन कमी व अनिश्चित असते. एकच पीक वारंवार घेतल्यास मूळकुजीसारखे रोग बळावतात. एकसारख्या प्रतीचा मोठा साठा वर्षभर न मिळाल्यास खाद्यनिर्मात्यांना सोयाबीन पेंड सोयीची वाटते. परिणामी, पोषणाच्या अडचणी योग्य मिश्रणाने बहुतांशी दूर होत असल्या, तरी पुरवठा आणि किंमत हेच कडधान्यांच्या प्रसारातील मुख्य अडथळे ठरतात.