तणनाशक कोणत्या मातीत विरतं?

सोयाबीनमध्ये जुलैत फवारलेल्या इमॅझेथापायर या तणनाशकाचा काही अंश पीक निघाल्यावरही मातीत राहतो. त्याच रानात रब्बीला ज्वारी किंवा मका पेरला, तर कोवळी रोपं खुरटू शकतात. दुसऱ्या एखाद्या रानात तेच औषध तेवढंच मारूनही पीक जोमात येतं. फरक जमिनीचा आणि पावसाचा असतो.

मातीतलं हे औषध मोडण्याचं बरंचसं काम जिवाणू करतात. त्यांना ऊब, हवा आणि ओल हवी. शेतकऱ्याच्या भाषेत, वाफसा हवा. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली, की हे काम मंदावतं आणि औषधाचा मुक्काम लांबतो. तापमान एका मर्यादेपर्यंत दहा अंशांनी वाढलं, तर मोडण्याचा वेग साधारण दुपटीने वाढतो. थंड देशातल्या चाचणीत मोजलेला अर्धायुकाल विदर्भाला जसाच्या तसा लावणं म्हणूनच चूक आहे.

सामूचं गणित तर औषधागणिक बदलतं. सोयाबीनमधलंच क्लोरीम्युरॉन इथाईल आम्लधर्मी जमिनीत पाण्याशी प्रक्रिया होऊन लवकर तुटतं. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. तिथे ही वाट जवळजवळ बंद होते. इमॅझेथापायरचं नेमकं उलटं. आम्लधर्मी मातीच्या कणांना ते घट्ट धरून बसतं आणि जिवाणूंच्या हाती लागत नाही, काळ्या मातीत मात्र मोकळं राहतं. पीक एक, काम एक, तरी दोघांना मानवणारी जमीन वेगळी! जमीन न विचारता एखाद्या औषधावर ‘लवकर विरणारं’ असा शिक्का मारण्यात अर्थ नाही.

कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक आणि ग्वाडेलूप बेटांनी याची जबर किंमत मोजली. केळीवरच्या सोंडकिड्यासाठी तिथे 1972 ते 1993 या काळात क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरलं गेलं. हवा उष्ण, पाऊस भरपूर. पण हा रेणूच मुळात चिवट, त्यात ज्वालामुखीच्या मातीतल्या अतिसूक्ष्म छिद्रांनी त्याला कोंडून ठेवलं. तिथल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात ते आढळलं आहे. काही जमिनींत ते शतकानुशतकं राहील, असा अंदाज आहे.

आपल्याकडे पावसाचा मोठा खंड पडलेल्या वर्षी रब्बीच्या पेरणीआधी एक साधी चाचणी करता येते. एका कुंडीत त्या रानातली माती, दुसरीत तशाच पण न फवारलेल्या जागेची माती भरून दोन्हींत पेरायच्या पिकाचं बी टाकावं आणि दोन-तीन आठवडे वाढ पाहावी. फवारलेल्या मातीतली रोपं खुरटली, तर त्या रानात हे पीक टाळावं आणि औषधाच्या लेबलावर फेरपालटीसाठी सुरक्षित सांगितलेलं पीक घ्यावं.