अडीच लाखांचा फरक आणि जासईचे तीन रस्ते

व्यापारी घरात नव्या गाडीची चर्चा सुरू झाली की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'ॲव्हरेज किती देते?' गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचे उत्तर बदलले आहे. पेट्रोलची गाडी लिटरला २७-२८ किलोमीटर जाते असे शोरूममधून सांगितले जाते आणि घरातील तरुण मंडळी हायब्रिडचा आग्रह धरतात. मात्र त्या गाडीसाठी मोजावी लागणारी जादा रक्कम कधी वसूल होते, याचा हिशेब फारच थोड्या घरांत मांडला जातो.

हायब्रिड ही कल्पना नवी नाही. टोयोटाने प्रियस ही गाडी जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आणली; भारतात ती २०१० मध्ये आली, परंतु किमतीमुळे मध्यमवर्गापासून दूरच राहिली. २०२२ मध्ये होंडा सिटीचे हायब्रिड रूप, मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर बाजारात आल्या, तेव्हा हे तंत्र सर्वसाधारण व्यापारी कुटुंबाच्या आवाक्यात आले.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. 'माइल्ड हायब्रिड' गाडीत लहानशी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण त्या मोटरवर गाडी चालत नाही. 'स्ट्राँग हायब्रिड' गाडी मात्र कमी वेगात इंजिन बंद ठेवून निव्वळ विजेवर चालते, आणि ब्रेक दाबताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवते. तिला चार्जरची गरज नसते. एकाच ग्रँड व्हिटाराचे माइल्ड रूप कागदावर लिटरला सुमारे २१ किलोमीटर आणि स्ट्राँग रूप २७.९७ किलोमीटर देते. दोहोंवर 'हायब्रिड' हाच शब्द असला तरी त्यांचे मोल वेगळे आहे.

कागदावरचे आकडे प्रयोगशाळेत, रुळांवर गाडी ठेवून ठरावीक पद्धतीने काढलेले असतात. प्रत्यक्ष रस्ता त्याहून निराळा असतो, आणि हे समजून घेण्यास जासईसारखे दुसरे ठिकाण नाही.

उरण तालुक्यातील जासई हे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचे गाव. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाल्यापासून या परिसराचे रूप पालटले. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याचे टोक जासईच्या शेजारी चिर्ले येथे उतरले. आज या गावातून बाहेर पडणाऱ्या गाडीपुढे तीन प्रकारचे रस्ते असतात : बंदराकडे जाणारा, कंटेनर-ट्रेलरच्या रांगांचा रस्ता, उलवे-बेलापूरमार्गे वाशीकडे जाणारा, सिग्नलांचा रस्ता, आणि ताशी १०० किलोमीटरची वेगमर्यादा असलेला सेतू. गाडी एकच असली तरी या तिन्ही रस्त्यांवर तिचे ॲव्हरेज वेगवेगळे निघते.

पहिल्या दोन रस्त्यांवर हायब्रिडची खरी कमाई आहे. ट्रेलरच्या मागे पंधरा मिनिटे रांगत जाताना साध्या गाडीचे इंजिन पेट्रोल जाळतच राहते. हायब्रिडचे इंजिन बहुतांश वेळ बंद असते. सेतूवर चित्र उलटते. एकसारख्या वेगात ब्रेक क्वचितच लागतो, परत मिळवण्याजोगी शक्ती फारशी उरत नाही आणि भार मुख्यतः इंजिनावर पडतो. साधी पेट्रोल गाडीही अशा रस्त्यावर बरे ॲव्हरेज देते. त्यामुळे दोहोंतील अंतर कमी होते.

आता जमाखर्च पाहू जाता, जासईत घाऊक किराणा दुकान चालवणारे एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. खरेदीसाठी वाशीच्या बाजार समितीत नेहमीची फेरी, वर्षाला १५,००० किलोमीटर प्रवास. पेट्रोल लिटरला १०४ रुपये, आणि साध्या ऑटोमॅटिक गाडीच्या व स्ट्राँग हायब्रिडच्या रस्त्यावरील किमतीत अडीच लाखांचा फरक असे धरावे. गर्दीत साधी गाडी १३ आणि हायब्रिड २० किलोमीटर देते असे मानल्यास वर्षाला सुमारे ४०४ लिटर पेट्रोल, म्हणजे ४२,००० रुपये वाचतात. अडीच लाखांना ४२,००० ने भागले की सहा वर्षे, असा हिशेब सहसा केला जातो.

त्या हिशेबात व्याज विसरले जाते. हीच रक्कम सात टक्के व्याजाने ठेवली असती तर पहिल्याच वर्षी १७,५०० रुपये मिळाले असते. ते धरले की वसुलीला सहाऐवजी आठ वर्षे लागतात. हायब्रिड बॅटरीची वॉरंटीही मारुती आणि टोयोटाकडून आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर इतकीच दिली जाते. म्हणजे मुद्दल वसूल होते त्याच सुमारास वॉरंटी संपते. गाडी कर्जावर घेतली तर नऊ टक्के दराने सात वर्षांच्या मुदतीत या जादा अडीच लाखांचाच मासिक हप्ता ४,०२२ रुपये पडतो, आणि पेट्रोलमधील बचत महिन्याला ३,५०० रुपये असते.

फेऱ्या वाढल्या की पारडे फिरते. वर्षाला २५,००० किलोमीटर गर्दीतून चालणाऱ्या गाडीची जादा किंमत व्याजासह चार वर्षांपेक्षा थोड्या अधिक काळात भरून निघते. ८,००० किलोमीटरच चालणाऱ्या गाडीला मात्र २२ वर्षांहून अधिक लागतील. खासगी गाडीची नोंदणी तर आरंभी १५ वर्षांचीच असते. तेच १५,००० किलोमीटर मुख्यतः सेतूवरून झाले आणि ॲव्हरेज १७ विरुद्ध २१ असे पडले, तर वर्षाची बचत सुमारे १७,५०० रुपये होते. एवढ्यात व्याज जेमतेम निघते, मुद्दल जागच्या जागी राहते.

सेतूवर आणखी एक खर्च आहे. मोटारीचा एकेरी टोल २५० आणि परतीसह ३७५ रुपये. आठवड्याला दोनदा मुंबईच्या बाजारात जाणाऱ्यास शंभर फेऱ्यांचे वर्षाला ३७,५०० रुपये पडतात. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या गाड्यांना ऑगस्ट २०२५ पासून हा टोल माफ झाला. हायब्रिडला तो भरावाच लागतो. करांतही हाच भेद आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून विजेच्या गाडीवर पाच टक्के, चार मीटरच्या आतील व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर, ती हायब्रिड असली तरी, १८ टक्के, आणि त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे. वर उल्लेखिलेल्या तिन्ही हायब्रिड गाड्या चार मीटरहून लांब असल्याने त्यांना ४० टक्केच लागतात. गाडी दुकानाच्या नावे घेतली म्हणजे जीएसटीचे क्रेडिट मिळेल, ही समजूतही चुकीची आहे. प्रवासी मोटारीवरील क्रेडिट सर्वसाधारण व्यापाऱ्यास कायद्यानेच नाकारले आहे.

रोजच्या वापराचा विचार वेगळा करावा लागतो. साध्या होंडा सिटीची डिकी ५०६ लिटरची, तर हायब्रिडची ३०६ लिटरची आहे; बॅटरीने दोनशे लिटर जागा घेतली. ग्रँड व्हिटाराच्या डिकीतही बॅटरीमुळे जागा घटते. नमुन्यांची खोकी आणि कुटुंबाचे सामान एकाच गाडीतून नेणाऱ्यांनी ती खोकी शोरूममध्ये नेऊन प्रत्यक्ष ठेवून पाहावीत. बॅटरीला हवा पुरवणारी जाळी मागील सीटजवळ असल्यास ती पिशव्यांनी झाकली जाऊ नये. गाडी आठवडे-आठवडे उभी राहणार असेल तर अधूनमधून चालवावी लागते. याच्या उलट, गर्दीत गिअर बदलण्याचा त्रास नाही, आवाज कमी आणि चार्जिंगची चिंता नाही, हे सुख वयस्कर माणसांना मोलाचे वाटते. त्या सुखासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. मात्र ते बचतीच्या खात्यात लिहू नये.

निर्णयापूर्वी दोन महिन्यांची एक नोंद पुरेशी आहे. सध्याच्या गाडीची टाकी पूर्ण भरावी, किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा आणि पुढच्या वेळी टाकी पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर बसले ते मांडावे. फेरी कोणत्या रस्त्याने झाली हेही शेजारी लिहावे. दोन महिन्यांनी वर्षाचे किलोमीटर, गर्दीचा वाटा आणि सेतूचा टोल हे तीन आकडे घरच्या हस्ताक्षरात समोर असतील. त्यानंतर वडील आणि मुलगा यांच्यातील वाद मताचा राहत नाही, तो बेरीज-वजाबाकीने सुटतो.